टँक, तळे आणि टाके : अनेकार्थी शब्दांच्या भाषांतराची एक गोष्ट

(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली की मराठीत हीरक महोत्सव होतो. इंग्रजीत त्यालाच डायमंड ज्युबिली म्हणतात. हे नाव स्पॅनिश भाषेत न्यायचे ठरवले, तर त्या भाषेचा रूढ शब्दप्रयोग हाती येतो तो असा : 'बोदास दे दियामान्ते', म्हणजे अक्षरशः 'हिऱ्याची लग्ने'. संस्थेची साठी असो की एखाद्या दांपत्याच्या संसाराची, स्पॅनिश माणूस दोन्हींसाठी हेच शब्द वापरतो. एवढ्यावर थांबत नाही. इंग्रजीतल्या 'स्कूल' या शब्दाला स्पॅनिशमध्ये 'एस्क्वेला' म्हणतात. पण समुद्रातल्या माशांचे 'स्कूल' आले की तिथे 'बांको' हा शब्द लागतो. आणि 'बांको' म्हणजे वर्गातला बाकही आणि पैसे ठेवायची बँकही. एका शाळेच्या सोहळ्याचे निमंत्रण परभाषेत नेताना लग्न, मासे, बाक आणि बँक एवढी मंडळी दारात उभी राहतात. कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला नमस्कार करून परत पाठवायचे, हे ठरवणे म्हणजे भाषांतर.

शब्द एक आणि अर्थ अनेक, ही अडचण सगळ्याच भाषांत आहे. तिचा विचार सूत्रे सांगून करता येतो, तसा एकाच शब्दाचा हात धरून त्याच्या मागोमाग चालूनही करता येतो. या व्याख्यानापुरता दुसरा मार्ग घेतला आहे. शब्द आहे 'टँक', आणि गाव आहे बेळ्ळंदूर.

बेळ्ळंदूर हे बंगळूरच्या आग्नेय अंगाला, बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत आहे. आज हे नाव घेतले की काचेच्या इमारती, संगणकाच्या कंपन्या आणि संध्याकाळची खोळंबलेली वाहने डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांतला मुलगा, सून, जावई किंवा भाची आज त्या परिसरात राहते. परंतु बेळ्ळंदूरची जुनी ओळख म्हणजे तिथली 'केरे'. केरे हा कानडी शब्द, मराठीत तळे. सुमारे 900 एकरांचे हे तळे बंगळूर शहरातील सर्वांत मोठे आहे. वरच्या अंगाच्या तळ्यांतून ओसंडलेले पाणी इथे येते, इथून ते वर्तूरच्या तळ्यात उतरते आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. इंग्रजी अमदानीच्या कागदपत्रांत अशा तळ्यांना 'टँक' म्हणत. शहरातल्या एका प्रसिद्ध तळ्याला आजही लोक 'सँकी टँक' म्हणूनच ओळखतात. कर्नल रिचर्ड सँकी यांच्या काळात, 1882 साली ते बांधले गेले.

आता अशी कल्पना करावी. बेळ्ळंदूरच्या एका सदनिकेत राहणारी, आठवीत शिकणारी मराठी मुलगी तिसरी भाषा म्हणून स्पॅनिश शिकते आहे. गृहपाठ आहे, 'आमचा परिसर'. तिच्यासमोर इंग्रजी माहितीपत्रक आहे आणि त्यात वाक्य आहे : बेळ्ळंदूर टँक हा शहरातील सर्वांत मोठा टँक होय. तिने शब्दकोश उघडला. टँक म्हणजे 'तांके'. तिने वाक्य लिहून टाकले. व्याकरण निर्दोष, लिंग-वचन बरोबर. पण माद्रिदमधला वाचक ते वाचून थबकेल. त्याच्या दृष्टीने बेळ्ळंदूरमध्ये शहरातला सर्वांत मोठा रणगाडा उभा आहे. मेक्सिकोतला वाचक थोडा निराळा विचार करील. त्याला पेट्रोलची किंवा वायूची प्रचंड टाकी दिसेल. तळे मात्र दोघांनाही दिसणार नाही. 900 एकरांचे पाणी एका शब्दात आटून गेले.

चूक मुलीची म्हणावी, तर शब्दकोशात तो अर्थ आहेच. चूक शब्दकोशाची म्हणावी, तर त्याने दिलेला अर्थ खोटा नाही. खरी गोष्ट अशी, की 'टँक' या शब्दाने फार प्रवास केला आहे आणि प्रत्येक मुक्कामी त्याने नवे सामान उचलले आहे.

यूल आणि बर्नेल या दोन विद्वानांनी 1886 मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश सिद्ध केला. भारतात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांची ती वंशावळच आहे. 'टँक' या शब्दाला दोन उगम असावेत, असे त्यांनी नोंदवले. एक उगम भारतीय : गुजराती आणि मराठीतील टाके, टाकी. दुसरा पोर्तुगीज 'तांके'. हा पोर्तुगीज शब्द पाणी अडवणे, थांबवणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे. पोर्तुगीज गोव्यात आणि कोकणपट्टीत आले, तेव्हा दोन्ही शब्द समोरासमोर उभे राहिले. अर्थ जवळचा, उच्चारही जवळचा. इंग्रजांनी दोन्हींचे मिळून आलेले पाणी एकाच भांड्यात भरून घेतले.

पुढची कथा युद्धाची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी एक चिलखती वाहन गुपचूप तयार केले. कारखान्यात काय बनते आहे हे कुणाला कळू नये म्हणून ती पाण्याची टाकी आहे असे भासवण्यात आले आणि तेच नाव कायम झाले. 15 सप्टेंबर 1916 रोजी, सोमच्या लढाईत, हे वाहन प्रथम रणांगणात उतरले. पाण्याचे नाव घेऊन आग ओकणारी वस्तू जगभर गेली. स्पॅनिशने 'तांके' हा शब्द या अर्थानेही घेतला. पण त्याबरोबर आपला स्वतःचा शब्दही घडवला, 'कार्रो दे कोंबाते', म्हणजे लढाईचा गाडा. मराठीने घडवलेला शब्द आहे 'रणगाडा'. एकमेकींना न विचारता दोन भाषा एकाच जागी पोहोचल्या. इंग्रजीतला शब्द वस्तू लपवण्यासाठी निवडला गेला होता. मराठीने आणि स्पॅनिशने ती वस्तू उघड करून दाखवली. भाषांतर मूळ शब्दाहून अधिक प्रामाणिक असू शकते, याचे हे लहानसे उदाहरण आहे.

म्हणजे इंग्रजी 'टँक' समोर आला की स्पॅनिश भाषांतरकारापुढे निदान आठ दारे असतात. रणांगणावरचा असेल तर तांके किंवा कार्रो दे कोंबाते. मोटारीतला असेल तर स्पेनमध्ये 'देपोसितो', मेक्सिकोत 'तांके'. घराच्या गच्चीवरचा असेल तर स्पेनमध्ये पुन्हा 'देपोसितो', पण मेक्सिकोत 'तिनाको'. दिवाणखान्यातला, काचेचा, माशांचा असेल तर 'पेसेरा'. बागेतला बांधीव असेल तर 'एस्तांके'. पावसाचे पाणी साठवणारा, जमिनीखालचा असेल तर 'आल्हिबे'. बांध घालून अडवलेला मोठा जलाशय असेल तर 'एम्बाल्से'. आणि विचारवंतांचा 'थिंक टँक' असेल, तर पाण्याचा संबंधच सुटतो. तिथे विचारांची प्रयोगशाळा अशा अर्थाचा शब्दप्रयोग येतो.

यांपैकी कोणते दार ठोठावायचे, याची जुनी आणि नेमकी शिकवण आपल्याकडेच आहे. सुमारे पाचव्या शतकातील वैयाकरण भर्तृहरी याने 'वाक्यपदीय' या ग्रंथात अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाकशाने निश्चित होतो, याची यादीच दिली आहे. शब्दाचा सोबती, सोबत्याचा अभाव, विरोध, प्रयोजन, प्रकरण, औचित्य, देश, काळ, लिंग इत्यादी. शास्त्रकारांचे याबाबतचे आवडते उदाहरण 'सैंधव' या शब्दाचे. सैंधव म्हणजे सिंधू देशातले मीठ आणि सिंधू देशातला घोडाही. जेवायला बसलेल्या माणसाने सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा आणावा. ताटाशेजारी घोडा आणून उभा करणारा सेवक शब्दकोशाच्या दृष्टीने बरोबर असतो, आणि तरीही त्याची नोकरी जाते.

ही यादी बेळ्ळंदूरच्या वाक्याला लावून पाहावी. सोबती : 'टँक'च्या शेजारी 'बंड' हा शब्द आला, तर तो तळ्याचा. बंगळूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ 'टँक बंड रोड' आहे, हैदराबादचा 'टँक बंड' तर सर्वांना ठाऊक आहे. इथला 'बंड' म्हणजे बांध. नवख्या मराठी माणसाला ते नाव ऐकून रणगाड्यांनी पुकारलेल्या बंडाची आठवण झाली, तर त्यात त्याचा दोष नाही. मराठीतला 'बंड' निराळा आणि फारसीतून इंग्रजीत गेलेला हा 'बंड' निराळा. प्रयोजन : पाणी शेतीला द्यायचे की गाडी चालवायची? देश : वाचक स्पेनचा की मेक्सिकोचा? काळ : मजकूर 1916च्या आधीचा असेल, तर रणगाड्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक कसोटीबरोबर एकेक दार बंद होत जाते आणि शेवटी उघडे राहते ते खरे.

यादीतले लिंग हे अंग स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलांना फार उपयोगी पडते. स्पॅनिशमध्ये 'कापिताल' हा शब्द पुल्लिंगी असला की भांडवल, स्त्रीलिंगी असला की राजधानी. 'कोमेता' पुल्लिंगी असला की धूमकेतू, स्त्रीलिंगी असला की पतंग. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते, कारण इंग्रजीत नामांना असे लिंग नाही. मराठी मुलाला त्याचे नवल वाटायचे कारण नाही. 'तो हार' गळ्यात पडतो आणि 'ती हार' पदरी पडते. 'तो माळ' उघडा-बोडका असतो आणि 'ती माळ' फुलांची असते. 'तो वेळ' जातो, 'ती वेळ' येते. मायबोलीत जे बोटांवर खेळवले, तेच परभाषेत पुन्हा भेटते. ओळख पटवून देणारा शिक्षक मात्र हवा.

पण बेळ्ळंदूरच्या तळ्यासाठी योग्य शब्द कोणता, हा प्रश्न अजून उरलाच आहे. तो सोडवायचा तर आधी तळे म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. अनुभवी भाषांतरकार शब्दाकडून शब्दाकडे थेट उडी मारत नाही. तो शब्दाकडून वस्तूकडे जातो आणि वस्तूकडून दुसऱ्या शब्दाकडे येतो.

बंगळूर पठारावर आहे. बारमाही वाहणारी मोठी नदी शहराजवळ नाही. म्हणून पूर्वजांनी उतार पाहून, मातीचे बांध घालून, तळ्यांच्या माळा गुंफल्या. वरचे तळे भरले की जादा पाणी खालच्या तळ्यात. या व्यवस्थेची कानडी शब्दसंपदा पाहण्याजोगी आहे. मोठे तळे ती 'केरे'. लहान, बांधाचे ते 'कट्टे'. मराठी तरुण ज्या कट्ट्यावर बसून गप्पा मारतात, तो या शब्दाचा सोयरा. त्याहून लहान ते 'कुंटे'. गुरांना पाणी पाजण्याचे 'गोकट्टे'. देवळापुढची पायऱ्यांची पुष्करणी ती 'कल्याणी'. पाणी सोडायची मोरी ती 'तूबु', जादा पाणी जाण्याची वाट ती 'कोडी', एका तळ्यातून दुसऱ्यात नेणारा मोठा ओढा तो 'राजकालुवे', आणि कोणत्या शेताला किती पाणी द्यायचे हे सांभाळणारा गावाचा माणूस तो 'नीरगंटी'.

मराठीही यात मागे नाही. तळे, तलाव, टाके, हौद, कुंड, बारव, पुष्करणी, बंधारा, पाझर तलाव, डोह. प्रत्येकाची घडण वेगळी. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत कातळातल्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. भंडारा-गोंदियाकडे लहान तळ्याला 'बोडी' म्हणतात, आणि तिथल्या माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदांत आणि बोलण्यात 'मामा तलाव' हे लाडके संक्षिप्त नाव मिळाले आहे. एखाद्या यंत्राने त्याचे स्पॅनिश भाषांतर 'आईच्या भावाचा तलाव' असे केले, तर यंत्रावर रागावण्याआधी नाव ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.

या सगळ्या नावांवर इंग्रजीने एकच चिठ्ठी डकवली : टँक. केरे टँक, कट्टे टँक, कल्याणी टँक, टाके टँक. कारकुनाची सोय झाली. पण तळे कुणाचे, कशासाठी, किती मोठे आणि त्याची निगा कोण राखतो, ही माहिती नावातून निघून गेली. अलीकडे 'टँक' जाऊन 'लेक' आले आहे. फलकांवर आता 'बेळ्ळंदूर लेक' असे लिहिलेले दिसते. 'लेक' ऐकायला सुंदर आहे, पण त्यातून आणखी एक गोष्ट निसटली. सरोवर निसर्गाने दिलेले असते. ते आपोआप असते. तळे माणसाने बांधलेले असते; त्याचा बांध दुरुस्त करावा लागतो, गाळ काढावा लागतो, मोरी उघडावी आणि मिटावी लागते. जे आपोआप आहे असे वाटते, त्याची काळजी कुणी घेत नाही.

आणि काळजी न घेतल्याचे परिणाम बेळ्ळंदूरने जगाला दाखवले. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे तळ्यात येत राहिले. पाण्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहिले आणि वाऱ्याबरोबर रस्त्यावर उडू लागले. मे 2015 मध्ये फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी 2017 आणि जानेवारी 2018 मध्ये तळ्याला पुन्हा आगी लागल्या. 2018च्या आगीत लष्कराचे जवान मदतीला धावले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. पाण्याला आग लागणे ही मराठीत अशक्याची उपमा होती. बेळ्ळंदूरमध्ये ती बातमी झाली.

इथे भाषेचा एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. तळ्यातले जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणाऱ्या वाटेला मराठीत 'सांडवा' म्हणतात. गटारात जाणाऱ्या घाण पाण्याला 'सांडपाणी' म्हणतात. दोन्ही शब्द 'सांडणे' या एकाच धातूचे. स्पॅनिशमध्ये सांडव्याला एक शब्द आहे 'बेर्तेदेरो'. तोही ओतणे, सांडणे या क्रियापदावरून आला आहे, आणि त्याचा दुसरा, रोजच्या वापरातला अर्थ आहे कचरा टाकण्याची जागा. सांडवा आणि उकिरडा यांना एकच शब्द! एखाद्या अहवालात 'तळ्याच्या सांडव्यापाशी' असे लिहायचे असताना भाषांतरकाराने 'बेर्तेदेरो' लिहिले, तर वाचक 'तळ्याच्या उकिरड्यापाशी' असे वाचील. म्हणून जाणकार भाषांतरकार तिथे दुसरा शब्द निवडतो, 'आलिव्यादेरो'. त्याच्या मुळाशी हलके करणे, दिलासा देणे हा अर्थ आहे. भरलेल्या तळ्याचा भार हलका करणारी वाट. सांडवा या शब्दातली उपकारबुद्धी त्यात उतरते आणि घाणीचा वास येत नाही. एका शब्दाच्या निवडीवर तळे की उकिरडा हे ठरते. बेळ्ळंदूरला हे वाक्य केवळ भाषेपुरते खरे नव्हते.

आता त्या मुलीच्या गृहपाठाकडे परतता येईल. 'तांके' बाद झाला. 'लागो', म्हणजे सरोवर, चुकीचा नाही. पण तो बांधाविषयी मुका आहे. 'एस्तांके' बांधलेले पाणी सांगतो, पण ते बागेतल्या कमळाच्या तळ्याएवढे लहान. 'एम्बाल्से' आकाराने बरोबर आहे, फक्त आजच्या वाचकाला त्यातून काँक्रीटचे धरण दिसण्याची शक्यता आहे. अशा वेळी एकच शब्द सापडला पाहिजे, हा हट्ट सोडावा लागतो. 'केरे' हा मूळ शब्द तसाच ठेवून, पहिल्या उल्लेखापाशी 'आंतिग्वो एम्बाल्से दे रिएगो', म्हणजे 'सिंचनासाठी बांधलेला जुना जलाशय', एवढी पुस्ती जोडली, की स्पॅनिश वाचकाला वस्तू दिसते. पुढे नुसते 'केरे' म्हटले तरी चालते. मूळ शब्दाचा मान राहतो आणि पाहुण्या भाषेची अडचणही होत नाही.

या शोधात आणखी एक लाभ होतो. स्पेनवर काही शतके अरबांचे राज्य होते, आणि पाण्याची विद्या त्यांनी तिथे रुजवली. म्हणून स्पॅनिशमधले पाण्याचे कित्येक शब्द अरबीतून आलेले आहेत. टाक्यासाठीचा 'आल्हिबे' हा त्यांतलाच. शेताला पाणी नेणाऱ्या पाटाला 'आसेक्विया' म्हणतात आणि त्या पाटाचे पाणी वाटून देणाऱ्या माणसाला 'आसेक्वियेरो'. खानदेशातल्या फड पद्धतीत हेच काम करणारा माणूस म्हणजे 'पाटकरी', कानडीतला 'नीरगंटी'. व्हॅलेन्सिया शहरात पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवणारे शेतकऱ्यांचे न्यायासन दर गुरुवारी दुपारी तिथल्या प्रार्थनामंदिराच्या दाराशी भरते. 2009 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. पाटकरी, नीरगंटी आणि आसेक्वियेरो हे तिघे एकमेकांना पाहताच ओळखतील. इंग्रजीच्या पुलावरून गेले, तर तिघांनाही एकच ढोबळ नाव चिकटेल आणि ओळख बुजेल. पूल उपयोगी असतो. पण दोन अंगणे एकमेकांना लागून असताना पुलावरून जाण्याचे कारण नसते.

पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यामुळे मराठी घरात स्पॅनिशची काही पाहुणी मंडळी आधीपासूनच राहत आहेत. मेज, साबण, पाव, पगार, बालदी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. त्यांची स्पॅनिश भावंडे सहज ओळखू येतात. यांतला 'पिंप' हा शब्द बेळ्ळंदूरच्या गोष्टीत नेमका बसतो. त्याचे मूळ 'पीपा'. स्पॅनिशमध्ये पीपा म्हणजे धूम्रपानाची नळी, दारूचे पिंप, स्पेनमध्ये सूर्यफुलाची भाजकी बी, आणि मेक्सिकोत पाण्याचा टँकर. मेक्सिको शहरही सरोवरावर उभे राहिले, सरोवर आटवून वाढले आणि आज त्याच्या वस्त्यांत 'पीपा' येण्याची वाट पाहिली जाते. बेळ्ळंदूरची गोष्ट वेगळी नाही. शहरातल्या सर्वांत मोठ्या तळ्याकाठच्या सदनिकांत पाणी टँकरने येते. 2024च्या उन्हाळ्यात तर बंगळुरात टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. 'टँक' गेला आणि 'टँकर' आला, एवढ्या दोन शब्दांच्या प्रवासात एका शहराचा इतिहास सामावला आहे. तो स्पॅनिशमध्ये सांगायचा, तर 'टँक'ला एम्बाल्से आणि 'टँकर'ला पीपा म्हणावे लागते, आणि दोन शब्दांतला नात्याचा धागा तुटतो. भाषांतरात काही तरी हरवतेच. काय हरवले हे ठाऊक असणे एवढेच भाषांतरकाराच्या हाती असते.

बेळ्ळंदूरच्या परिसरातल्या कचेऱ्यांत जगभरच्या लोकांसाठी संगणकाच्या आज्ञावली तयार होतात. भाषांतरकाराकडे अनेकदा नुसती शब्दांची यादी येते. वाक्य नाही, चित्र नाही. 'राइट' म्हणजे उजवा, बरोबर की हक्क? स्पॅनिशमध्ये 'बरोबर' या अर्थासाठी निराळा शब्द लागतो. 'फ्री' म्हणजे फुकट की मोकळा? पहिल्यासाठी 'ग्रातिस', दुसऱ्यासाठी 'लिब्रे'. अशा वेळी चांगला भाषांतरकार उत्तर लिहीत नाही, प्रश्न विचारतो. हा शब्द कुठे दिसणार आहे? कोण वाचणार आहे? यंत्रे आता फार हुशार झाली आहेत आणि पुष्कळदा संदर्भही ओळखतात. पण संदर्भच दिलेला नसेल, तर यंत्र सहसा अधिक रूढ अर्थाकडे झुकते. ताटाशेजारी घोडा येतो तो तिथे.

मराठी माणसाला बंगळूर नवे नाही. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या मोहिमेनंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' रचला आणि पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो प्रसिद्ध केला. त्या दरबारात अनेक भाषांतील कवींची ये-जा असे. भाषा जितक्या अधिक, तितका दरबार श्रीमंत, अशी ती दृष्टी होती. आज बेळ्ळंदूरच्या घरात मराठी, दारात कानडी, कचेरीत इंग्रजी आणि मुलांच्या दप्तरात स्पॅनिश आहे. दरबार तोच आहे, फक्त उंच इमारतीत भरतो.

पालकांच्या मनातला प्रश्न बहुधा असा असतो, की मराठी माध्यमात शिकलेले मूल जगाच्या भाषांत मागे पडेल काय. त्याचे उत्तर या एका शब्दाच्या कथेत शोधता येईल. ज्या मुलाला तळे, टाके, हौद आणि बारव यांतला फरक ठाऊक आहे, त्याला 'टँक' पाहिल्यावर 'कोणता?' असा प्रश्न पडतो. ज्याच्याजवळ एकच शब्द आहे, त्याला प्रश्नच पडत नाही. आणि भाषांतराची सुरुवात त्या प्रश्नापासूनच होते. गेली साठ वर्षे या शाळेच्या वर्गांत समानार्थी शब्द लिहा, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, लिंग ओळखा, असे गृहपाठ दिले गेले. ते करताना कंटाळलेल्या मुलांना ठाऊक नव्हते, की आपण भर्तृहरीचीच यादी गिरवत आहोत आणि एके दिवशी ती परदेशी भाषेच्या दारात उपयोगी पडणार आहे.

बेळ्ळंदूरची ती मुलगी आपला गृहपाठ दुरुस्त करील. 'तांके' खोडून 'केरे' लिहील, पुढे चार शब्दांची पुस्ती जोडील. कदाचित लिहिता लिहिता खिडकीतून तळ्याकडे पाहील आणि आजोबांना दूरध्वनी करून विचारील, की आपल्या गावच्या तळ्याला काय म्हणतात, त्याचा बांध कुणी घातला आणि सांडवा कुठे आहे. एका परभाषेतल्या वाक्यासाठी एवढा शोध घेणारे मूल ज्या घरात आहे, त्या घराने आपल्या भाषेची काळजी करू नये. तळ्याची मात्र करावी.